डिग्रीचा कॉलम रिकामा, बाकी सब फुल्ल!

मी बीकॉम, पण पोटापाण्यासाठी लिहितो कोड. त्यामुळे ‘शिकलास कुठे?’ हा प्रश्न प्रत्येक इंटरव्ह्यूत हमखास येतो. एका कंपनीच्या एचआरनं तर ‘ओन्ली बीई, एमसीए’ म्हणत माझा रेझ्युमे न वाचताच बाजूला सारला. अशा वेळी मला जॉन कार्मॅक आठवतो.

ओळखलंत ना? लॅबमधून सर बाहेर पडले की सुरू व्हायचा तो ‘डूम’! त्याच्या इंजिनामागचं डोकं ते हेच. १९७० साली अमेरिकेत जन्मलेला हा पठ्ठ्या विद्यापीठात जेमतेम दोन सेमिस्टर टिकला. मग फ्रीलान्स प्रोग्रॅमिंग आणि पुढे लुइझियानातल्या ‘सॉफ्टडिस्क’मध्ये नोकरी. तिथे १९९० मध्ये त्यानं एक सॉल्लिड युक्ती काढली. तेव्हाच्या पीसीला अख्खी स्क्रीन भराभर पुन्हा रंगवणं झेपायचं नाही. यानं फक्त बदललेले तुकडे रंगवले आणि पीसीवरचा गेम मारिओसारखा मस्त सरकायला लागला. ‘कमांडर कीन’ त्यातूनच आला. १९९१ मध्ये दोस्तांसोबत ‘इड सॉफ्टवेअर’, १९९३ मध्ये ‘डूम’.

पण खरा फंडा पुढेच आहे. ‘डूम’मध्ये कुठली भिंत आधी काढायची, हे झटपट ठरवायला त्यानं बायनरी स्पेस पार्टिशनिंग वापरलं. हे तंत्र त्याचं नव्हतंच! १९८० च्या एका शोधनिबंधात ते मांडलेलं होतं. म्हणजे कॉलेज सोडलेला माणूस संशोधकांचं लिखाण वाचत होता, आणि ते साध्या पीसीवर पळवून दाखवत होता. स्वतः शिकणं म्हणजे पुस्तकांना दांडी नव्हे, बॉस. सिलॅबस आपण ठरवायचा, एवढंच!

दुसरी सवय नोंदींची. आज काय केलं, काय उरलं, हे तो त्या दशकात ‘प्लॅन’ नावाच्या फाइलमध्ये लिहायचा आणि ती सगळ्यांना वाचायला खुली ठेवायचा. १९९७ मध्ये ‘डूम’चा सोर्स कोडही खुला झाला. आता जगानं बघावं आणि ठरवावं!

पुढे २००० मध्ये रॉकेटची कंपनी, २०१३ मध्ये ‘ऑक्युलस’चा सीटीओ, २०२२ मध्ये एआयची ‘कीन टेक्नॉलॉजीज’. दर वेळी नवा विषय, दर वेळी पहिलीपासून अभ्यास.

आपण सगळे कार्मॅक नाही, मान्य. कागद नसला की काही दारं बंदच राहतात, हेही मान्य. पण चालणारा प्रोग्रॅम समोर ठेवला की निदान बोलणं कामावर येतं. तेव्हा या वीकेंडला मल्टिप्लेक्सचा एक शो कमी करा आणि काहीतरी छोटंसं, पण पूर्ण बनवा. अर्धवट प्रोजेक्ट्स काय, सगळ्यांकडेच असतात!