जुनें दुखणें आणि नवी जखम

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले दोन रोगी डोळ्यांपुढें आणा. जखम सारखीच, शस्त्रवैद्यहि एकच. पहिला दुसऱ्या दिवशीं साध्या गोळ्यांवर चालूं लागतो. दुसऱ्याला १० वर्षांचें पाठीचें दुखणें आहे, तो रात्रभर कण्हत असतो. घरचीं माणसें म्हणतात, “यांचा स्वभावच हळवा!” हा निवाडा अन्यायाचा आहे, आणि कित्येकदां घातकहि.

वेदनेचा संदेश मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूंत व तेथून मेंदूंत जातो. पण ही नुसती तारायंत्राची तार नव्हे. वाटेंत जणूं एक दार असून तें संदेश कमीअधिक सोडतें, ही उपपत्ति मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडली. पुढें १९८३ सालीं क्लिफर्ड वूल्फ यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, इजेनंतर मज्जारज्जु स्वतःच अधिक संवेदनशील बनतो. वर्षानुवर्षें दुखणें सोसणाऱ्यांपैकीं अनेकांची स्थिति अशीच असते. लहान आघातहि त्यांना मोठा जाणवतो.

त्यांत अफूवर्गीय औषधांची भर. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन दीर्घकाळ घेणाऱ्याचें शरीर त्यांना सरावतें. नेहमींची मात्रा त्याला केवळ मूळ पदावर ठेवते. नव्या जखमेसाठीं आणखी उपाय लागतो. ती एकाएकीं बंद केली, तर वेदनेबरोबर घाम, कंप, तळमळ सुरू होते, आणि लोक त्याला व्यसनी ठरवून मोकळे होतात! मात्र नुसती मात्रा चढवीत जाणेंहि बरें नव्हे. हीं औषधें श्वास मंदावतात, आणि कांहीं रोग्यांत वेदना उलट वाढवितात. म्हणून हल्लीं अनेक बाजूंनीं उपाय योजतात: पॅरासिटामॉल, जठर व मूत्रपिंडें धड असल्यास दाहशामक गोळी, मज्जातंतूजवळ बधिर करणारें औषध, प्रसंगीं अल्प प्रमाणांत केटामीन.

वेदना समूळ नाहींशी होईल, अशी आशा दाखवूं नये. रोग्याला दीर्घ श्वास घेतां यावा, खोकतां यावें, चार पावलें टाकतां यावीं, एवढें साधलें पाहिजे. नाहींतर फुप्फुसांत कफ सांचतो, पायाच्या शिरेंत रक्त गोठतें.

शस्त्रक्रियेपूर्वींच भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटून चालू असलेल्या प्रत्येक औषधाचें नांव व मात्रा लिहून द्यावी. झोपेची गोळी व मद्य हीं लाजेखातर गाळूं नयेत. अफूवर्गीय औषधाला त्यांची जोड मिळाली कीं श्वास अधिकच मंदावतो. शस्त्रक्रियेनंतर रोगी गुंगींत जाऊं लागला, हाका मारूनहि नीट जागा होईना, तर “बरें झालें, डोळा लागला” म्हणून स्वस्थ बसूं नये. तत्काळ परिचारिकेस बोलवावें. आणि घरीं निघतांना, वाढविलेली मात्रा कोणत्या दिवशीं किती उतरवावयाची, हें डॉक्टरांकडून लेखी मागून घ्यावें.