भाव चढला की सगळेच शहाणे

२०१७ च्या उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांना तेंदूपत्त्याचा असा भाव मिळाला, की वनखात्याच्या लिलावांच्या काळात तसा कोणी ऐकलाही नव्हता. पुढच्याच हंगामात तो कोसळला. काही गावांना खरेदीदार मिळेना, आणि मिळाला तिथेही कंत्राटदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी आल्या. झाडे तीच होती, पहाटे जंगलात जाऊन पान तोडणारे हात तेच होते, ठराव लिहिणारी माणसेही बहुतेक तीच. बदलले होते ते गावाबाहेरचे. १ जुलै २०१७ पासून तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के जीएसटी लागला होता, आणि आदल्या वर्षी चढ्या भावाने माल उचललेले व्यापारी हात आखडून बसले होते. पण निवाडा करताना एवढा विचार कोण करतो? भाव चढला की लिलाव हाताळणारे हुशार ठरतात आणि भाव पडला की तेच लोक कंत्राटदाराचे हस्तक ठरतात. हे दोन्ही निवाडे सारखेच निराधार आहेत. सामायिक पैशातून माल विकायला निघालेल्या समूहाने आपल्या माणसांना जाब विचारलाच पाहिजे, पण तो भावाबद्दल विचारून काही हाती लागत नाही. तो निर्णयाबद्दल विचारावा लागतो, आणि तेही निर्णय घेतला तेव्हा काय माहीत होते आणि काय माहीत करून घेता आले असते एवढ्यापुरता.

ग्रामसभा विक्रेत्या झाल्या ही गोष्टच मुळात नवी आहे. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या मक्तेदारीत गेला होता, आणि बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. गावाच्या वाट्याला मजुरी तेवढी येई. १९९६ च्या, अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू हे दोन्ही गौण वनोपज आहेत असे स्पष्ट लिहिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती, आणि खाते तो देईना. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले, तेव्हा कुठे ती गाठ सुटली. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राचे पेसा नियम आले. त्यानंतर अनुसूचित क्षेत्रातल्या गावांपुढे दरवर्षी दोन वाटा असतात: तेंदूची विक्री वनखात्याकडे सोपवायची, किंवा स्वतः निविदा काढायची. गडचिरोलीत शेकडो गावांनी दुसरी वाट धरली.

स्वतः विकायचे म्हटले की खर्च आला. शहरी माणसाला विपणन म्हटले की फलक आणि घोषवाक्ये आठवतात. इथे तो खर्च अगदीच साधा दिसतो: वर्तमानपत्रातली निविदासूचना, तालुक्याला आणि जिल्ह्याला होणाऱ्या खेपा, बैठकांचे चहापाणी, करारनाम्याचा मुद्रांक, वकील, फळीवर म्हणजे पान गोळा करायच्या जागी पुडके मोजणारा मुनशी, बोद म्हणजे पानांची पोती भरून ठेवायचे गोदाम, त्यावरचा राखणदार. रकमा लहान असतात. पण यांतली एखादी रक्कम वाचवण्याच्या नादात किंवा चुकीच्या जागी खर्च केल्याने जे नुकसान होते ते या सगळ्या खर्चांहून मोठे असते. निविदासूचना खपाच्या वर्तमानपत्रात न देता कोणाच्या ओळखीच्या साप्ताहिकात दिली, तर चार बोलीदारांऐवजी एकच येतो आणि पुडक्यामागे काही रुपये जातात. महाराष्ट्रात एका प्रमाण गोणीत ७० पानांची १००० पुडकी धरतात. तेव्हा पुडक्यामागचा एक रुपया म्हणजे गोणीमागे १००० रुपये. हे नुकसान कोणत्याही पावतीवर येत नाही. हिशेब चोख आणि धंदा बुडीत, असे इथे सहज घडू शकते.

आता जरा दूरचे एक उदाहरण घेतो, कारण त्यात हाच प्रश्न भिंगाखाली धरल्यासारखा दिसतो. स्टीमिट नावाचे समाजमाध्यम २०१६ मध्ये सुरू झाले. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, कोणालाही वाचता येणारी आणि मागाहून खोडता न येणारी वही. त्या वहीवर चालणाऱ्या या माध्यमात लिहिणाऱ्यांना टोकनांच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, रूपात मोबदला मिळे. २०२० मध्ये जस्टिन सन या उद्योजकाने त्यामागची कंपनी घेतली तेव्हा सभासदांचा मोठा गट २० मार्चला फुटून निघाला आणि त्याने हाइव्ह हे वेगळे जाळे उभे केले. जुन्या कंपनीच्या वाट्याची टोकने नव्या जाळ्यात सामायिक निधीत गेली. या निधीतून कोणीही पैसे मागू शकतो. प्रस्ताव मांडायचा, सभासदांनी मते द्यायची. तिथे एक ‘पैसे परत निधीत’ असा कायमचा प्रस्ताव उभा असतो, आणि त्याच्याहून अधिक मते मिळाली तरच रक्कम सुटते. तीही रोज थोडी थोडी, म्हणजे मते काढून घेतली की धार बंद. जाहिरातीचा खर्चही याच निधीतून होतो: परिषदांतली हजेरी, प्रायोजकत्व, मोटारशर्यतीतल्या गाडीवर रंगवलेले नाव. प्रत्येक हस्तांतर वहीत, जगातल्या कोणालाही दिसेल असे.

एवढा उघडा हिशेब असताना तक्रारीला जागा कुठे उरते, असे वाटेल. पण वाद थांबलेले नाहीत, आणि त्याचे कारण तंत्रात नाही. कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती गेले हे वही दाखवते. त्या पैशातून काय विकत घेतले, तेच का घेतले, दुसऱ्या कोणाला दर विचारला होता का, हे ती दाखवू शकत नाही. वहीच्या बाहेर पाऊल टाकताच पुन्हा पावत्या, अहवाल आणि माणसाचा शब्द यांवर यावे लागते. शिवाय तिथे मताचे वजन टोकनांच्या साठ्यावर ठरते. मोठ्या साठेदाराचे समाधान झाले की बाकीच्यांनी कितीही विचारले तरी चालते. आणि यशाचा दाखला कशाचा? टोकनाच्या किमतीचा. २०२१ मध्ये साऱ्या आभासी चलनांचे भाव चढले, २०२२ मध्ये पडले. ज्या जाहिरातीने चढत्या वर्षी पाठ थोपटून घेतली, तिने पडत्या वर्षी काय वेगळे केले होते? गडचिरोलीच्या २०१७ आणि २०१८ चीच ही गोष्ट, फक्त तेंदूच्या जागी टोकन.

नुसते प्रकाशन आणि जाबदेही यांतले अंतर राजस्थानात फार पूर्वी दिसले आहे. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपटातली नावे आणि खर्चाच्या नोंदी ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्यासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. तो हजेरीपट कार्यालयात आधीही पडून होता. फरक पडला तो वाचण्याने, आणि वाचला जात असताना उठून ‘मी त्या दिवशी कामावर नव्हतो’ म्हणणारा माणूस समोर असल्याने. सामाईक संसाधनांवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात टिकून राहिलेल्या व्यवस्थांची जी लक्षणे नोंदवली, त्यांत एक असे, की देखरेख करणारे स्वतः वापरकर्त्यांपैकी असतात किंवा त्यांना उत्तरदायी असतात. मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात बसून फोडले जातात. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ही रीत महाराष्ट्राला ठाऊक झाली. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकाने ती वाचकांपर्यंत नेली. तिचे कौतुक बहुधा लोकशाहीचा आदर्श म्हणून होते. मला तिचा हिशेबी उपयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. सर्वसहमतीत निर्णयाची कारणे सर्वांसमोर बोलावी लागतात, आणि बोललेली कारणेच पुढे तपासता येतात. हात वर करून मोजलेल्या मतात ती मुकी राहतात. टोकनाच्या मतात तर माणूसही दिसत नाही.

तेव्हा विक्रीचा जाब कसा घ्यावा? भाव किती आला, हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी विचारायचे ते असे: निविदेची सूचना कुठे आणि किती दिवस आधी दिली, कितीजणांनी बोली लावली, शेजारच्या गावांना त्या सुमारास काय भाव येत होता हे कोणी पाहिले का, अनामत किती घेतली, आणि करारात रक्कम चुकती झाल्याशिवाय बोद गोदामातून हलणार नाहीत असे कलम होते का. या कलमाच्या प्रश्नावर मी मुद्दाम थांबतो, कारण थकबाकीची बहुतेक दुखणी तिथे जन्मतात. बोद गोदामात आहेत तोवर ताकद ग्रामसभेची. ट्रक रस्त्याला लागला की ती कंत्राटदाराची, आणि मग उरतात नोटिसा व कोर्ट. २०१८ मध्ये भाव पडणे कोणाच्या हाती नव्हते. रक्कम येण्याआधी माल सोडणे मात्र कोणीतरी, एका दिवशी, सही करून ठरवलेले असते. हाइव्हच्या व्यवस्थेचे श्रेय इथे मोकळेपणाने द्यायला हवे. रक्कम थेंबाथेंबाने सोडायची आणि विश्वास उडाला की त्याच दिवशी तोडायची, ही सोय गडचिरोलीतल्या कोणत्याही करारनाम्यापेक्षा सरस आहे. आपल्याकडे ती माणसांनी, हप्त्यांनी आणि कुलपाने साधावी लागेल.

यावर एक आक्षेप तत्काळ येईल: निकाल बाजूला ठेवला तर प्रत्येक नाकर्त्याला पळवाट मिळते, बाजार वाईट होता म्हटले की झाले. हा आक्षेप हलका नाही. पण बाजाराचे निमित्त भावाला लावता येते, प्रक्रियेला नाही. एकच बोलीदार आला याचे खापर जीएसटीवर फोडायचे असेल, तर त्याच हंगामात बारा कोसांवरच्या गावाला तीन बोलीदार कसे मिळाले, याचे उत्तर द्यावे लागेल. उलट निकालावर बोट ठेवणारी पद्धतच खरी पळवाट देते, कारण चांगल्या वर्षात ती कोणालाच काही विचारत नाही. २०१७ सारख्या वर्षात ढिले करार, तोंडी वायदे आणि नोंद नसलेले खर्च खपून जातात. पडत्या वर्षी त्यांचीच किंमत मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गावातली समोरासमोरची जाबदेही म्हणजे काही धुतलेला तांदूळ नव्हे. कंत्राटदार चार प्रमुख माणसांना हाताशी धरतो, नातेवाइकाला भर सभेत विचारणे अवघड जाते, बायांचा आवाज पानतोडणीला असतो आणि लिलावाला नसतो. शिवाय या जिल्ह्यात तेंदूच्या हंगामावर नक्षलवाद्यांच्या खंडणीची सावली दशकानुदशके होती. तो खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नव्हता, पण बोली लावताना कंत्राटदार तो धरूनच बसत असे. म्हणजे भावातला एक वाटा असा, की त्याचा जाब ना ग्रामसभा विचारू शकत होती ना कोणते संगणकी तंत्र. हे सगळे मान्य. पण यातून निघणारा निष्कर्ष गाव सोडून तंत्राकडे पळा असा नाही. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, ती वेगवेगळ्या गावांना एकेकटे गाठणाऱ्या व्यापाऱ्यांपुढे एकत्र बसण्यासाठी. कुरखेड्याच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेची साथ तिला होती. तिच्यात प्रत्येक गावाकडून पुरुषांबरोबर बायाही प्रतिनिधी म्हणून याव्यात असा आग्रह धरला गेला. लिलावाच्या खोलीत पान तोडणारी बाई बसली की पुडके लहान-मोठे बांधण्यावरून, रद्द ठरवलेल्या पुडक्यांवरून असे प्रश्न निघतात, जे सचिवाला सुचत नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात ते पान वाघाच्या भीतीत तोडलेले असते. भाव काय ठरला हे शेवटी कळणाऱ्यांत तिने का असावे?

महाग्रामसभेतही एक कच्चा दुवा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गावे जशी एकत्र येतात तसा पैसा आणि निर्णय गावापासून एक पायरी दूर जातो. प्रतिनिधी तालुक्याला जाऊन काय कबूल करून आला, हे गावात सांगितले गेले नाही तर महाग्रामसभा हीच एक छोटी कंपनी होऊ शकते. तेव्हा तिच्या प्रत्येक विक्रीनिर्णयाची कारणे गावोगाव परत वाचली जाणे हे भावाच्या घासाघिशीइतकेच महत्त्वाचे काम आहे. त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो खर्च कोणालाही वायफळ वाटतो. इतके प्रश्न विचारले तर कोणी काम करायला पुढे येणार नाही, हीही भीती बोलून दाखवली जाते. अनुभव उलट सांगतो. कारण आधी सांगून, सर्वांच्या देखत घेतलेला निर्णय चुकला तरी कार्यकर्ता गावात मान वर करून राहू शकतो. एकट्याने घेतलेला निर्णय बरोबर आला तरी संशय सुटत नाही.

भावाऐवजी कारणे तपासण्याच्या बाबतीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने घेतलेला एक निर्णय मला सर्वांत बोलका वाटतो. गोंडपिपरी तालुक्यातल्या या छोट्या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर ग्रामसभा स्वतःचा बांबू लिलावाने विकू लागली. मग गावाने तेंदूपत्ता तोडणेच थांबवले: फांद्या छाटल्या जातात, पान चांगले फुटावे म्हणून आगी लावल्या जातात, त्यात जंगलाचे नुकसान होते म्हणून. हातातले उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय कोणत्याही भावफलकावर तोलून पाहता येत नाही. तो तपासायचा तर ग्रामसभेच्या वहीत लिहिलेली कारणे वाचावी लागतात, आणि दर काही वर्षांनी ती अजून खरी आहेत का हे जंगलात जाऊन पाहावे लागते.

तेंदूची तोडणी एप्रिल-मेमध्ये होते आणि निविदा त्याच्या बऱ्याच आधी निघतात. ग्रामसभांचे हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी पावसाच्या तोंडावर, पैसे वाटताना किंवा न वाटले गेल्याचे भांडण सुरू झाल्यावर उघडतात. तोवर ट्रक गेलेला असतो. सूचना कुठे द्यायची, अनामत किती, बोद कधी सोडायचे, कोणाच्या सहीने, हे प्रश्न जानेवारी-फेब्रुवारीच्या सभेत विचारून त्यांची उत्तरे नावासकट ठरावात लिहिली, तर जूनच्या सभेला विचारायला खरोखरच काही असेल.