गोठ्यातला पहिला तास

पेरण्या आटोपल्या की कृषी महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची मुले-मुली गावात मुक्कामाला येतात. मुलींना आपण कृषिकन्या म्हणतो, मुलांना कृषिदूत. ती चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात. आपण त्यांना चहा पाजतो, फोटोला उभे राहतो आणि आपल्या कामाला लागतो. पण त्यांना गोठ्यात किती जण नेतात?

जिंतूर तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो. गाय लाल कंधारी, तिसरे वेत. रात्री नऊच्या सुमारास ती ऊठबस करू लागली, तेव्हा घरच्या आजींनी दोन कृषिकन्यांना निरोप धाडला. मी त्या दिवशी गावातच होतो, मीही गेलो. मुली हातात वही आणि घड्याळ घेऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांना मी एवढेच सांगितले होते की गायीच्या जवळ जायचे नाही, बोलायचे नाही, फक्त बघायचे आणि लिहायचे.

वासरू बाहेर आले. आजींनी नाकातोंडातला चिकटा पुसला, बाकीचे गायीने चाटून काढले. चाटण्याने वासराचे रक्त खेळते, म्हणून ते काम गायीलाच करू द्यावे. पाऊण तासात वासरू तीनदा पडून चौथ्यांदा उभे राहिले आणि कास हुंगू लागले. तोच आजींनी त्याला मागे ओढले.

"जार पडल्याबिगर लावायचं नसतं, बाई."

एक मुलगी हळूच म्हणाली, "आजी, वासरू ओढू लागलं की जार लवकर सुटतो." आजींनी माझ्याकडे पाहिले.

मी त्यांना आमच्या घरची हकिकत सांगितली. मी दहा वर्षांचा असताना आमची गाय रात्री व्याली. जार पडला सकाळी उन्हे आल्यावर, तोवर कालवड बांधून ठेवलेली. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली आणि ती गेली. घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. नशिबाला दोष देऊन आम्ही गप्प बसलो. कारण मला कळले ते पुढे बी.एस्सी. करताना.

कारण असे की, गायीच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. ती सगळी चिकात असते. वासराचे आतडे ती जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच चांगली शोषते. दर तासाला ही क्षमता घटत जाते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात द्यावा. वीस किलोच्या वासराला दोन लिटर, तोही तीन-चार वेळा विभागून. राहिला जार. वासराने सड ओढले की गायीच्या शरीरात जो स्राव सुटतो, त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि जार सुटायला मदतच होते. बारा तासांत तो पडला नाही तर डॉक्टरांना बोलवा. त्याला दगड बांधू नका, हाताने ओढू नका.

आजींनी दोरी सोडली. पहाटेच्या आत जार पडला.

खरवस मलाही आवडतो, खोटे कशाला बोलू! पण आधी वासराचे पोट, मग उरेल त्याचा खरवस.

नाळेकडेही बघा. बेंबीपासून दोन-तीन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधावी, नव्या ब्लेडने कापावी आणि टिंक्चर आयोडीन लावावे. शेण-माती लावण्याची चाल अजून काही गावांत दिसते. तिने बेंबी पिकते.

चीनमध्ये चेंगडू येथे १९८७ साली पांडांचे संशोधन केंद्र सुरू झाले. पांडाचे पिल्लू जन्मते तेव्हा जेमतेम शंभर ग्रॅमचे, गुलाबी आणि आंधळे असते. जुळी झाली तर आई बहुधा एकालाच सांभाळते. म्हणून तिथले लोक एक पिल्लू उबेच्या पेटीत ठेवतात, दुसरे आईजवळ, आणि पाळीपाळीने बदलतात. प्रत्येक पिल्लाचे वजन आणि दूध टिपून ठेवतात. आपले वासरू तासाभरात उभे राहते, त्यामुळे आपल्याला वाटते की त्याला कशाची गरज नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७२ पासून जनावरांवर काम होत आले आहे. होलस्टीन आणि देवणीच्या संकरातून होलदेव तिथेच तयार झाली. पशुवैद्यकीय महाविद्यालयाची मुलेही शेवटचे एक वर्ष इंटर्नशिप करतात. या मुलांनी पुस्तक वाचलेले असते, पण व्यायला टेकलेली गाय अनेकांनी पाहिलेली नसते. गाय कास कधी उतरवते, शेपटीच्या बुडाशी खळगे कधी पडतात, हे त्या आजींना वहीशिवाय कळत होते. मुलींनी ते त्यांच्याकडून लिहून घेतले.

यंदा मुले आली की कोणती गाय टेकीला आली आहे ते त्यांना आधीच सांगून ठेवा. रात्री हाक मारली तर येतील.