सोळा कळा, आठ तारा

दाराच्या अंकी कुलपावर चार आडव्या व चार उभ्या रांगांत मांडलेल्या सोळा कळा आपण पाहिल्या असतील. अशी कळांची फळी आर्डुइनो उनो या तळहाताएवढ्या संगणक-पाटीला जोडावयाची आहे, असे समजा. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार द्यावी म्हटले तर सोळा तारा लागतील. पाटीवर अंकीय पिना चौदाच, आणि त्यांतल्याही दोन संगणकाशी बोलण्यात गुंतलेल्या! मग उपाय काय? नाट्यगृहातील खुर्ची आपण जशी शोधतो तोच. रांग कोणती आणि रांगेत कितवी, एवढे कळले म्हणजे झाले. चार आडव्या तारा, चार उभ्या; जेथे त्या एकमेकींना ओलांडतात तेथे एक कळ. आठ पिनांत काम भागते.

पाटी उभ्या तारांना आतल्या मोठ्या रोधकातून पाच व्होल्टचा दाब देऊन ठेवते. मग एका आडव्या तारेचा दाब शून्यावर आणते आणि उभ्या तारा चाचपते. एखादीचा दाब उतरला, की कळ सापडली. पुढची तार, पुन्हा तीच चौकशी, सेकंदाला शेकडो वेळा. दाबलेल्या कळेचे धातू काही सहस्रांश सेकंद थरथरतात, म्हणून वीसेक सहस्रांश थांबून खात्री करून घ्यावी, हे ओघाने आलेच.

खरी गोम पुढेच आहे. ज्या आडव्या तारांची पाळी नाही, त्यांना पाच व्होल्टवर बांधून ठेवू नये. कोणी १ आणि ४ एकदम दाबले, तर पाच व्होल्टची पिन शून्याच्या पिनेशी सरळ भिडते. आणि एका पिनेची सहनशक्ती जेमतेम ४० मिलिअँपिअरची. अशा तारा तटस्थ, म्हणजे 'इनपुट' ठेवाव्यात.

तरीही भूत उरतेच! १, २ व ४ एकत्र दाबा. दुसरी रांग तपासताना दाब ४ मधून १ कडे, तेथून २ कडे शिरतो, आणि कोणी न दाबलेली ५ ही कळ पाटीला दिसते. कुलपावर एका वेळी एकच बोट पडते, तेथे हे चालेल. पण याच कळांची पेटी करून तीन सूर एकदम छेडले, तर चौथा आगंतुक सूर वाजेल. म्हणून वाद्याच्या फळीत प्रत्येक कळेपाशी एक डायोड घालावा आणि त्याचा पट्टा आडव्या तारेकडे ठेवावा. तो उलटा बसला, तर ती कळ मुकीच राहते.