खिडकी, तांब्या आणि दोन लिंबं

स्टिल लाइफ फोटोसाठी स्टुडिओ लागत नाही, खिडकी पुरते. फक्त आधी ट्यूबलाइट बंद करा; दोन रंगांचे उजेड मिसळले की लिंबंसुद्धा आजारी दिसतात.

पितळेचा तांब्या मात्र छळतो. पहिल्या फोटोत त्याच्या पोटावर माझंच ध्यान उमटलं होतं, बनियनसकट! मग खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला आणि काळ्या कार्डशीटला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढली. पितळेवर आता एकच मऊ, उभा उजेडाचा पट्टा.

उजेड डावीकडून, उजवीकडे पांढरा थर्माकोल. तो जवळ सरकवला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. आयएसओ १००, एफ/८, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर.

लिंबं एका रांगेत नकोत, मागेपुढे ठेवा. एक कापलेलं असेल तर शटर दाबण्याआधी त्यावर ओला हात फिरवा. फोडी पटकन सुकतात.