गवताच्या कुंड्या आणि बोटभर फुलपाखरू

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या दक्षिणेला ॲपल व्हॅली नावाचं गाव आहे. तिथल्या मिनेसोटा प्राणिसंग्रहालयात लोक सायबेरियन वाघ पाहायला गर्दी करतात. त्याच संस्थेत दर उन्हाळ्यात आणखी एक काम चालतं: कुंड्यांत लावलेलं गवत, त्यावर जाळी, आणि जाळीच्या आत तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान अळ्या. कॉलेजचे विद्यार्थी अशा ठिकाणी इंटर्नशिपला येतात तेव्हा फुलपाखरांशी खेळायला मिळेल असं अनेकांना वाटत असतं. प्रत्यक्षात त्यांचा बराच वेळ गवत राखण्यात जातो. हे काम त्या गवतामुळेच महत्त्वाचं आहे.

कोणती फुलपाखरं?

डकोटा स्किपर आणि पोवेशिक स्किपरलिंग ही ती दोन. आपल्या निलवंतासारखं तळहाताएवढं, डोळ्यात भरणारं रूप यांना नाही. पंखांचा विस्तार जेमतेम इंचभर, रंग तपकिरी किंवा पिवळसर, आणि उड्डाण इतकं खाली की गवतात कधी शिरलं ते कळत नाही. पोवेशिक हे मेस्क्वाकी या आदिवासी लोकांच्या एका प्रमुखाचं नाव. ते आयोवातल्या एका परगण्याला मिळालं आणि तिथून १८७० साली या फुलपाखराला.

पोवेशिक स्किपरलिंग एके काळी मिनेसोटाच्या माळांवर सर्रास दिसायचं. राज्यातली त्याची शेवटची खात्रीची नोंद २००७ सालची. आज ते निसर्गात फक्त मिशिगनच्या काही पाणथळ गवताळ जागी आणि कॅनडातल्या मॅनिटोबात उरलं आहे. २०१४ साली अमेरिकी सरकारनं डकोटा स्किपरला ‘संकटाच्या उंबरठ्यावरची’ आणि पोवेशिकला ‘नष्ट होण्याच्या मार्गावरची’ जात म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं.

माळ कुठे गेला?

मिनेसोटात पूर्वी सुमारे १ कोटी ८० लाख एकर प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ होता. नांगर आला, मका आणि सोयाबीन आलं, आणि आता त्यातला एक टक्क्याहून थोडा जास्त भाग शिल्लक आहे. उरलेले तुकडेही शेतांनी वेढलेले. पिकांवर फवारलेली कीटकनाशकं वाऱ्याबरोबर या तुकड्यांपर्यंत पोचतात, आणि प्राणिसंग्रहालयाच्या संशोधकांना माळावरच्या गवतात त्यांचे अंश सापडले आहेत. एका तुकड्यातली फुलपाखरं संपली, तर दुसरीकडून तिथे कुणी येऊ शकत नाही. इंचभराच्या किड्याला मैलोन्‌मैल मक्याची शेतं ओलांडणं जमत नाही.

माळरानाला ‘पडीक’ म्हणायची सवय आपल्याकडेही आहे, म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

वर्षाचा क्रम

प्राणिसंग्रहालयानं २०१२ साली प्रेअरीतल्या फुलपाखरांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. या जातींची वर्षाला एकच पिढी होते. जूनच्या अखेरीस आणि जुलैत फुलपाखरं उडतात, आणि एकेकाला हवेतलं आयुष्य मिळतं ते एक-दोन आठवड्यांचं. बाकी बहुतेक वर्ष अळीचं.

जंगली मादी काही दिवस जाळीत ठेवतात, ती अंडी घालते, मग तिला पकडलेल्या जागीच सोडून देतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या प्रेअरी ड्रॉपसीड नावाच्या गवतावर वाढतात. डकोटा स्किपरच्या अळ्या बुडख्याशी रेशमाच्या धाग्यानं पाती बांधून आसरा करतात आणि रात्री बाहेर येऊन चरतात. हिवाळ्यात अळ्या निपचित पडून राहतात. मिनेसोटाची थंडी कडाक्याची असते, पण घातक ठरतात ते थंडीतले चढउतार. म्हणून अळ्यांना तापमान स्थिर राहील अशा थंड कपाटांत ठेवतात. वसंतात त्या पुन्हा ताज्या गवतावर जातात, खातात, कोषात जातात.

विद्यार्थी काय करतात?

सकाळी कुंड्यांना पाणी. कोणतं गवत पिवळं पडतंय, जाळीला कुठे फट आहे, आत मुंगी किंवा कोळी शिरलाय का, हे पाहायचं. एक कोळी आत राहिला तर एका मादीची सगळी संतती जाऊ शकते. कीटकनाशक लागलेली माती किंवा रोपं आत येता कामा नयेत, आणि डास पळवणारं मलम हाताला लावून अळी हाताळणं तर अजिबात चालत नाही.

मग नोंदी. प्रत्येक अळी कोणत्या मादीची, कोणत्या माळावरची, कधी जन्मली, कधी कात टाकली, कधी मेली. हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळा कार्यक्रम या वहीवर उभा आहे. भावंडांची जोडी लागू नये म्हणून पुढच्या वर्षीच्या जोड्या याच नोंदी पाहून ठरतात. चिठ्ठी चुकली की वंशावळ चुकली, आणि संख्या आधीच इतकी कमी की ती चूक नंतर भरून काढता येत नाही.

फुलपाखरं बाहेर पडली की काम अंगावर येतं. जे स्वतःहून पीत नाही, त्याची सोंड बारीक सुईच्या टोकानं उलगडून गोड पाण्याला लावायची, ही फुलपाखरं पाळणाऱ्यांची जुनी रीत. हात थरथरला तर सोंड मोडते. याखेरीज माळावरची मोजणी असते: ऊन आणि कमी वारा बघून ठरलेल्या रेषेवर सावकाश चालायचं आणि दिसेल ते टिपायचं. काही दिवशी वहीत फक्त शून्य येतं. ते शून्यही प्रामाणिकपणे लिहावं लागतं.

पुन्हा माळावर

२०१७ साली मिनेसोटातल्या लेक बेंटनजवळच्या ‘होल-इन-द-माउंटन’ या राखीव प्रेअरीत डकोटा स्किपर सोडण्यात आली. या जातीला पूर्वीच्या जागी परत नेण्याचा जगातला तो पहिलाच प्रयत्न. त्यांची मूळ अंडी दक्षिण डकोटातल्या सिसेटन वाहपेटन ओयाते या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवरची होती. तिथला माळ त्या लोकांनी राखला होता, म्हणूनच परत न्यायला काही उरलं होतं. माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

अर्ज करायचा तर

तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी एवढं ध्यानात ठेवावं: उन्हाळ्याच्या जागांची चौकशी आदल्या हिवाळ्यातच करावी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर काम सुरू करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी घ्यावी. मानधन आहे की फक्त शैक्षणिक श्रेय, हेही आधी विचारून घ्यावं.

इथे असलेल्यांनी घरापासून सुरुवात करावी. या पावसाळ्यात परसातल्या हळदीचं पान गुंडाळलेलं दिसलं तर ते तोडू नका. आत स्किपर कुळातल्याच एका फुलपाखराची अळी असू शकते. तारीख लिहा, रोज त्याच वेळी पाहा, आणि कोष फुटेपर्यंतची नोंद ठेवा. अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहायला ती वही चालेल.