वाणीची अस्पष्टता : कारणे व उपाय

एखादे मूल एरवी नीट बोलते. परंतु पाठ म्हणण्यास उभे राहिले की त्याची अर्धी अक्षरे तोंडातच राहतात. अशा मुलास दरडावण्यापूर्वी त्याची वाणी केव्हा व कोणत्या वर्णांवर अस्पष्ट होते, याची शिक्षकाने आठवडाभर नोंद ठेवावी. उपाय कारणावर अवलंबून असतो आणि कारण पुष्कळदा या नोंदीतच सापडते.

घाई, भीती, थकवा व अपुरी झोप ही तात्पुरती कारणे होत. सर्दीने नाक चोंदले म्हणजे ‘म’ हा ‘ब’सारखा ऐकू येतो, सहा-सात वर्षांच्या वयात पुढचे दात पडले असता ‘स’ नीट उमटत नाही. घरच्या बोलीतील ‘ण’च्या जागी येणारा ‘न’ हा तर दोषच नव्हे.

बोलणे नेहमीच अस्पष्ट असेल तर कान, टाळू व जीभ यांची तपासणी करवावी. ज्याचा कान वारंवार वाहतो त्यास कमी ऐकू येण्याचा संभव असतो. आणि जो वर्ण नीट ऐकू येत नाही तो नीट उच्चारता कसा येणार? असे मूल मंद ठरून शिक्षा भोगते, हा त्याच्यावर अन्याय होय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले म्हणजे त्याचे नाव आवर्जून सांगावे.

वर्गातील उपाय सोपे आहेत. ‘क’ कंठात, ‘च’ टाळूशी, ‘ट’ मूर्ध्याशी, ‘त’ दातांशी व ‘प’ ओठांनी उमटतो, हे शिक्षकाने स्वतःचे तोंड दाखवून शिकवावे. वाक्याचे लहान भाग पाडून, प्रत्येक भागापूर्वी श्वास घेऊन व शब्दातील शेवटचे अक्षर पूर्ण उच्चारून वाचन घ्यावे. प्रथम सर्वांनी मिळून व नंतर एकेकट्याने म्हणावे. चूक झाल्यास मध्येच न अडविता शिक्षकाने तेच वाक्य शुद्ध म्हणून दाखवावे.

एका प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. मण्यार सर्प रात्री झोपेत चावल्याचे पुष्कळदा जाणवतही नाही. पुढे पापण्या मिटू लागतात, गिळणे कठीण होते व जीभ जड होते. वाणी अचानक बोबडी होऊन तोंड वाकडे होणे, हातापायांतील बळ जाणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. येथे सरावाचा उपयोग नाही. शिक्षकाची सावधता मात्र प्राण वाचवू शकते.